पारव्यांची घरटी काढली आणि महिन्याभरात रात्री चावायला लागलं, हे ढेकूण आहेत का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पंचवटीत जुना लाकडी वाडा, वरच्या मजल्यावर कडीपाटात आणि पोटमाळ्यावर वर्षानुवर्षं पारव्यांची घरटी, होळीच्या आधी माणसं लावून ती सगळी काढली आणि जाळी मारली, आणि एप्रिलपासून सासूबाईंना रात्री हातापायाला चावायला लागलं, सकाळी लाल गांधी, मध्यभागी बारीक ठिपका, खाज आठ-आठ दिवस जात नाही. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी ढेकूण म्हणून गादी-पलंगाला दोनदा औषध मारलं, काही फरक नाही. रात्री दोनला भिंतीवर एक चपटा तपकिरी किडा सापडला त्याचा फोटो दिलाय. आणि शेवटी विचारलंय की गावाकडं सिन्नरच्या बाजूला दिरांच्या खुराड्यात कोंबड्या मरतायत, त्याचा आणि याचा काही संबंध आहे का.

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही, पण हा किडा माझ्या रोजच्या कामातला आहे. वीस-बावीस वर्षं दिंडोरी, पेठ, सिन्नर, इगतपुरी या भागात गावठी कोंबड्यांच्या मागे फिरलोय. तर फोटो बघून सांगतो, हा ढेकूण नाही. ही गोचीड आहे, पण गाईम्हशीच्या कानात आणि कासेला चिकटलेली आपण बघतो ती टणक पाठीची गोचीड नव्हे. ही मऊ गोचीड, आणि पक्ष्यांच्या घरट्यात राहणाऱ्या मऊ गोचिडींचा जो मोठा गट आहे त्याचं शास्त्रीय नाव आर्गस. लॅट्रेय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७९५ साली हे नाव दिलं, आज यात पन्नासाहून जास्त जाती माहीत आहेत, बहुतेक पक्ष्यांवर आणि काही वटवाघळांवर जगणाऱ्या. आपल्याकडं कोंबड्यांवर सापडते ती आर्गस पर्सिकस, आणि पारव्यांच्या घरट्यात जी जगभर प्रसिद्ध आहे ती आर्गस रिफ्लेक्सस. तुमच्याकडची नेमकी कोणती ते मोबाईलच्या फोटोवरून सांगणं बरोबर नाही, त्यासाठी मायक्रोस्कोपखाली अंगाच्या कडेची ठेवण बघावी लागते, पर्सिकसच्या कडेला चौकोनी चौकोनी खणांची ओळ असते आणि रिफ्लेक्ससच्या कडेला नुसत्या बारीक रेघा. पण औषधपाणी दोन्हींना सारखंच, त्यामुळं त्यात अडकू नका.

ओळखायचं कसं ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. ढेकणाला पाय सहा, पुढं डोकं स्पष्ट दिसतं, मिशा दिसतात, पोटावर आडवे पट्टे असतात. या गोचिडीला पाय आठ, मिशा नाहीत, आणि वरून बघितलं तर तोंडच दिसत नाही कारण ते अंगाच्या खालच्या बाजूला असतं. अंग म्हणजे सुरकुतलेल्या चामड्याचा तुकडा, लंबगोल, पुढं जरा निमुळतं, अर्धा ते एक सेंटिमीटर, आणि कडेनं चपटी धार, जी रक्त पिऊन फुगल्यावरही मोडत नाही. उपाशी असताना तपकिरी, पोट भरल्यावर निळसर-काळपट. एकच घोळ होतो, अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू सहा पायांचंच असतं, त्यामुळं अगदी बारीक किडा सापडला तर नुसते पाय मोजून ठरवू नका. सापडला तर चिमटीत चिरडू नका, छोट्या बाटलीत स्पिरिट घालून ठेवा आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. खात्रीच करायची असेल तर परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात परजीवीशास्त्र विभाग आहे, तिथं नक्की जात सांगतील.

आता मुख्य गोष्ट, जी पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या लक्षात आली नाही. गाईची गोचीड गाईच्या अंगावर दिवसच्या दिवस चिकटून बसते म्हणून आपल्याला वाटतं की गोचीड म्हणजे जनावराच्या अंगावर राहणारी वस्तू. आर्गस तशी नाही. ती राहते भेगेत. कडी आणि पाटाच्या मधली फट, विटांमधला उघडा पडलेला सांधा, उखडलेल्या गिलाव्याचा पोकळ भाग, कोनाड्याच्या मागची माती, घरट्याखालचा विष्ठेचा थर. दिवसभर तिथं चपटी होऊन पडून राहते, रात्री अंधार झाला की बाहेर येते, पक्ष्यावर चढते, अर्ध्या-पाऊण तासात पोटभर रक्त पिते आणि परत भेगेत. म्हणून तुम्ही दिवसा पारवा धरून बघितला तरी अंगावर एकही मोठी गोचीड दिसणार नाही, आणि माणसाला चावून सकाळी अंथरुणात शोधलं तरी सापडणार नाही. फक्त पिल्लं, म्हणजे त्या सहा पायांच्या अळ्या, पाच-दहा दिवस पक्ष्याला चिकटून राहतात, बहुतेक पंखाखाली, मग गळून भेगेत जातात आणि तिथं कात टाकून मोठ्या होतात.

रक्त पिण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. एवढं रक्त एकदम घेतल्यावर त्यातलं पाणी लगेच बाहेर टाकायला लागतं, तर पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींमधून ती ते पाणी टाकते, पोटात घट्ट रक्त उरतं आणि त्यावर ती महिनोन्महिने काढते. अंडी घालण्याचंही वेगळं, गाईची गोचीड एकदाच हजारोंनी अंडी घालून मरते, ही मात्र दरवेळी जेवण झालं की थोडी थोडी, पन्नास-शंभर अंडी घालते आणि परत भेगेत जाऊन पुढच्या जेवणाची वाट बघते, असं चार-पाच वेळा. म्हणजे शंभर मारल्या आणि भेगेत पाच माद्या राहिल्या तरी पुढच्या हंगामात परत सुरू.

आणि उपाशी राहण्याची ताकद तर अशी की ऐकून पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं. कोंबड्यांची आर्गस दोन वर्षांहून जास्त काळ काही न खाता जगते. आर्गस ब्रम्प्टी नावाची आफ्रिकेतली जात आहे, अमेरिकेतल्या ज्युलियन शेफर्ड नावाच्या संशोधकानं १९७६ साली केनियातून आणलेल्या या गोचिडी आपल्या प्रयोगशाळेत ठेवल्या होत्या, त्यांचा अहवाल २०२२ साली छापून आला, त्यात काही गोचिडी सत्तावीस वर्षं जगल्या आणि त्यातली आठ वर्षं त्यांनी रक्ताचा थेंबही घेतला नव्हता. म्हणून "पारवे गेले, आता उपाशी मरतील" हा हिशोब या किड्याला लागू पडत नाही. रिकामं पडलेलं खुराडं दोन उन्हाळे बंद ठेवून परत कोंबड्या सोडल्या आणि आठवड्यात कोंबड्या सुकायला लागल्या, हे मी पेठ तालुक्यात डोळ्यांनी बघितलंय.

आता तुमच्या वाड्यात काय झालं ते सरळ आहे. पारवे होते तोपर्यंत गोचिडींना रोजचं ताट वर तयार होतं, त्या खाली यायच्या नाहीत, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला पत्ताच नव्हता. तुम्ही घरटी काढली, जाळी मारली, पारवे गेले, पण भेगा तशाच राहिल्या. मार्च-एप्रिलात नाशिकला ऊन चढलं, लाकूड तापलं, गोचिडी जाग्या झाल्या, वर खायला काही नाही म्हणून कडीपाटातून खाली उतरल्या आणि खाली सासूबाई झोपलेल्या. युरोपात जर्मनी, इटली, पोलंडमध्ये जुन्या इमारतींच्या माळ्यावरून कबुतरं हाकलल्यावर खालच्या खोल्यांमधल्या लोकांना अशाच चावल्याच्या भरपूर नोंदी आहेत. म्हणजे तुमच्या हातून घरटी काढण्यात चूक झाली असं नाही, काढण्याच्या क्रमात राहून गेलं. घरटं आणि भेग एकाच दिवशी हाताळायला हवी होती.

माणसाला कितपत धोका, हे आधी सांगतो कारण तुम्ही घाबरलेल्या दिसताय. माकडताप, जो आपल्याकडं सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला निघतो, तो जंगलातल्या टणक गोचिडीमुळं, या गोचिडीमुळं नाही. कोंबड्यांना हिच्यामुळं जो ताप येतो त्याचा जंतू पक्ष्यांपुरता आहे, माणसाला लागत नाही. माणसाला खरा त्रास आहे तो ॲलर्जीचा. तिची लाळ अंगात जाते, पहिल्या एक-दोन वेळा नुसती गांधी येते पण वारंवार चावलं की काही जणांचं शरीर जास्त जोरात प्रतिक्रिया देतं, हात सुजतो, अंगभर पित्त उठतं, आणि क्वचित कुणाला दम लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येऊन पडणं इथपर्यंत जातं, युरोपात अशा गंभीर केसेस झालेल्या आहेत. सासूबाईंच्या बाबतीत हे गंभीर काही झालेलं नाही असं तुम्ही लिहिलंय, तरी दर वेळेला सूज वाढत चालली असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि "पक्ष्याच्या गोचिडीचा चावा" असं स्पष्ट सांगा. आणि रात्री कधी दम लागला, चेहरा सुजला तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल. तोपर्यंत त्यांचं झोपणं आजपासूनच त्या खोलीतून हलवा, खालच्या मजल्यावर, पलंग भिंतीपासून लांब, चादर जमिनीला टेकणार नाही अशी. ही गोष्ट औषध मारण्याच्याही आधी करा.

आता वाड्याचं. गादी-पलंगाला औषध मारून उपयोग झाला नाही कारण तिथं ती राहतच नाही. औषध कडीपाटाच्या फटींत, पोटमाळ्याच्या जमिनीवर, भिंतीच्या वरच्या टोकाला, खिडकीच्या चौकटीमागे, जिथं जिथं पूर्वी घरटी होती त्याच्या चारपाच हात आजूबाजूला गेलं पाहिजे, आणि नुसतं वरून उडवलेलं नाही तर बारीक नळीच्या नोझलनं फटीच्या आत दाबानं. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, घरातल्या वापरासाठी मान्यता असलेलं, प्रमाण लेबलवर दिलंय तेवढंच, जास्त घातलं म्हणजे जास्त मरतात असं होत नाही आणि घरात म्हातारं माणूस आहे. परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या पण त्याच्याबरोबर स्वतः वर चढा आणि फटी दाखवा, नाहीतर तो परत पलंगच धुऊन जाईल. मांजर असेल तर त्या दिवशी आणि वाळेपर्यंत दुसरीकडं ठेवा, या गटातली काही औषधं मांजराला फार बाधतात, आणि माशांची टाकी असेल तर बाहेर काढा. उरलेलं औषध मोरीत ओतू नका, पंचवटीत मोरीचं पाणी शेवटी कुठं जातं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ही औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात.

फवारणीच्या आधी वाळलेली विष्ठा आणि घरट्याच्या काड्यांचा उरलेला कचरा काढायचा, पण झाडू मारून धूळ उडवायची नाही, आधी पाणी शिंपडून ओलं करा, तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, कारण पारव्याच्या वाळल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला फार वाईट. कचरा जाड पिशवीत बांधून त्याच दिवशी वाड्याबाहेर. कोपऱ्यात मेलेलं पारवं पडलेलं नाही ना तेही बघा.

एकदा मारून संपणार नाही. अंड्यांवर औषधाचा फारसा भरवसा नसतो, अंडी फुटायला हवामानाप्रमाणं एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी आणि तेवढ्याच अंतरानं तिसरी. त्यानंतर फटी बुजवायच्या, आधी नाही. लोक उलटं करतात, आधी बुजवून टाकतात, मग आतल्या गोचिडी दुसरी वाट काढून बाहेर येतात आणि औषध आत पोचायला जागाच राहत नाही. लाकडाच्या फटींना लांबी (पुट्टी) किंवा सिलिकॉन, भिंतीला गिलावा, जुन्या मातीच्या भिंतीला शेणामातीचा घट्ट गिलावा करून वर चुना दिला तरी चालतो, मुद्दा एवढाच की तिला चपटं होऊन बसायला जागा राहू नये. पातळ पत्र्याची पट्टी आत जाईल एवढी फट तिला पुरते.

काय करू नका तेही सांगतो. रॉकेल ओतू नका आणि ब्लो लॅम्प तर लाकडी वाड्यात अजिबात नको, पत्र्याच्या रिकाम्या खुराड्यात आम्ही वापरतो, पण तुमचा कडीपाट शंभर वर्षांचा सुका सागवान आहे. कडुनिंबाची धुरी मच्छरांना ठीक, पण फटीच्या आत बसलेल्या गोचिडीपर्यंत पोचत नाही. आणि ज्यांच्याकडं अजून पारवे आहेत आणि घरटी काढायची आहेत त्यांच्यासाठी, घरट्यात पिल्लं असतील तर थांबा, पारव्याचं पिल्लू महिना-सव्वा महिन्यात उडतं, ते उडालं की एकाच दिवशी घरटं काढणं, औषध आणि जाळी. पिल्लं तशीच टाकून जाळी मारली तर ती बिचारी आत तडफडून मरतात, आणि ते कुणीही करू नये.

आता दिरांच्या कोंबड्या. वाड्यातली गोचीड सिन्नरला चालत गेली नाही, पण किडा त्याच कुळातला असण्याची शक्यता मला दाट वाटते. तुम्ही लिहिलंय की कोंबड्या गप्प बसतात, तुरा फिका पडलाय, हिरवी हगवण, दोन-तीन दिवसांत मरतात, आणि त्यांनी मानमोडी (राणीखेत रोग) समजून लस द्यायला सांगितलंय. हे वाचून मला माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक केस आठवली. पेठच्या एका पाड्यावर एका मावशींच्या चाळीसेक कोंबड्यांमध्ये अशीच मरतूक लागली होती, हिरवी हगवण बघून मी मानमोडी असंच सांगून आलो, रक्त तपासलं नाही, खुराड्यात रात्री डोकावलो नाही. आठ दिवसांत पंधरा कोंबड्या गेल्या. नंतर एका जुन्या पशुधन पर्यवेक्षकांनी मला रात्री नऊला बॅटरी घेऊन परत तिथं नेलं, खुराड्याच्या बांबूच्या पेरांमधून आणि बसायच्या दांडीच्या खाचेतून गोचिडी रांगेनं बाहेर येत होत्या, कोंबड्यांच्या मांड्यांवर जांभळे ठिपके. त्या मावशींचं वर्षाचं मीठ-मिरची त्या कोंबड्यांवर चालायचं, आणि पहिल्याच दिवशी काचपट्टीवर एक थेंब रक्त घेतलं असतं तर निम्म्या तरी वाचल्या असत्या. तेव्हापासून हिरवी हगवण दिसली की मी दिवसाच्या व्हिजिटवर निर्णय देत नाही.

तो आजार म्हणजे स्पायरोकिटोसिस, बोरेलिया अन्सेरिना नावाचा स्क्रूसारखा पीळदार जंतू. ब्राझीलमध्ये मार्शू आणि सालिंबेनी या दोघांनी १९०३ साली दाखवून दिलं की कोंबड्यांचा हा ताप आर्गस गोचिडीतून पसरतो. वाईट भाग असा की बाधित गोचिडीच्या अंड्यातून पुढच्या पिढीतही जंतू उतरतो, म्हणजे खुराड्याच्या भेगेत आजार साठून राहतो. चांगला भाग असा की मानमोडीवर औषध नाही पण याला साधं पेनिसिलिन चालतं, लवकर दिलं तर कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणे टिपायला लागते. म्हणून दिरांना सांगा, ताप असलेल्या, अजून जिवंत कोंबडीच्या रक्ताची काचपट्टी तालुक्याच्या दवाखान्यात करून घ्या, आजार पुढं गेला की रक्तात जंतू सापडत नाही. ताजी मेलेली कोंबडी असेल तर तीही न्या, पानथरी (प्लीहा) मोठी आणि ठिपकेदार निघते, डॉक्टरांना लगेच अंदाज येतो. डोस डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून इंजेक्शन आणून अंदाजानं टोचू नका. आणि मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नका, बाकीच्या टोचतात आणि त्यातूनही पसरतं, खोल पुरा.

कधीकधी जंतू नसतानाही ही गोचीड कोंबडी मारते. लहान पिल्लांवर अळ्या भरपूर चिकटल्या तर पाय लुळे पडतात, आणि रोज रात्री रक्त गेल्यानं अंडी बंद होतात, तुरा पांढराफटक पडतो. पंखाखाली मोहरीएवढे निळसर-काळे दाणे दिसतात का ते पिसं उलटी करून बघायला सांगा.

खुराड्यासाठी काम वाड्यापेक्षा सोपं आहे. कोंबड्या दोन-तीन दिवस दुसरीकडं हलवा, मोठ्या कोंबड्या लगेच हलवल्या तरी चालतं पण अंगावर अळ्या असतील तर त्या गळेपर्यंत, म्हणजे दहा दिवस, त्या तात्पुरत्या जागेत ठेवा आणि नंतर ती जागाही धुवा. जुनी डालगी, बांबूच्या कामट्या, गोणपाट जाळून टाका, त्यातल्या भेगा कधीच साफ होत नाहीत. दगडमातीच्या भिंतीवर फवारणी, वाळल्यावर फटी लिंपून चुना. बसायची दांडी लोखंडी पाइपची करा, भिंतीला टेकवू नका, चार पायांवर उभी करा आणि प्रत्येक पायाखाली जळक्या तेलाची वाटी ठेवा. या एका गोष्टीनं मी खूप खुराडी वाचलेली बघितली आहेत, कारण रात्री भेगेतून निघालेली गोचीड कोंबडीपर्यंत चढूच शकत नाही. आणि आठवडे बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट खुराड्यात सोडायची नाही, दहा दिवस वेगळी.

जाता जाता पक्षी बघणाऱ्यांसाठी एक. नांदूर मध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, बगळ्यांच्या वसाहतींच्या झाडांखाली लोक फोटोसाठी तासन्‌तास बसतात. आशियात गायबगळ्यांच्या वसाहतीतूनही आर्गसच्या जाती सापडलेल्या आहेत, तेव्हा पडलेलं घरटं घरी शोभेला आणू नका आणि झाडाच्या सालीला टेकून बसू नका. रानातल्या घरट्यातली गोचीड मारायच्या मागं मात्र कुणी लागू नये, ती तिथं तिच्या जागेवर आहे.

एक जुनी गोष्ट सांगायची राहिली. पर्सिकस हे नाव पर्शियावरून, म्हणजे इराणवरून. तिथल्या मियाना गावच्या या किड्याला एकोणिसाव्या शतकातले युरोपातले प्रवासी इतके घाबरायचे की चावला तर माणूस मरतो असं लिहून ठेवायचे. तसं काही नाही हे नंतर कळलं. तुम्हीही तेवढं घाबरू नका.

पहिली फवारणी या आठवड्यात करून घ्या आणि त्यानंतर रोज रात्री दहा-अकराच्या सुमाराला, दिवे घालवून तासभर झाल्यावर, बॅटरी घेऊन कडीपाटाखाली दहा मिनिटं बघत जा, किती दिसल्या ते वहीत तारखेसह लिहा. तीन फवारण्यांनंतर आकडा शून्यावर आला तरी सासूबाईंना त्या खोलीत लगेच परत नेऊ नका. पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलात ऊन चढलं की पुन्हा आठ रात्री बघा, एकही दिसली नाही तर मग पलंग वर न्या. आणि दिरांच्या कोंबडीच्या काचपट्टीचा रिपोर्ट काय आला ते मला इथं जरूर कळवा.